मुक्या दुखण्याचा हिशेब

कुत्र्याची सांधेदुखी आणि पोटाचे विकार यांबाबत घरच्यांचा अंदाज पुष्कळदा चुकतो. हजारो कुत्र्यांच्या नोंदी तपासून संशोधकांनी काढलेले निष्कर्ष कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावेत असे आहेत.

दारावरची बेल वाजली की झेप घेणारा कुत्रा हळूहळू नुसती मान वर करून बघू लागतो. जिना चढताना मध्येच थांबतो. मोटारीत उडी मारण्याऐवजी कोणीतरी उचलून ठेवील म्हणून वाट पाहत उभा राहतो. घरातली माणसे म्हणतात, "वय झालं आता त्याचं." आणि विषय तिथेच संपतो.

वास्तविक वय हा काही आजार नव्हे. या लक्षणांमागे बहुतेक वेळा सांध्यांचे दुखणे असते. पायात काटा रुतला तर कुत्रा केकाटतो, पण महिनोन्‌महिने चाललेले दुखणे तो ओरडून सांगत नाही. तो फक्त हालचाल कमी करतो, आणि घरच्यांना वाटते की तो शांत झाला.

पोटाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. गालिच्यावर ओकारी झाली किंवा दाराशी जुलाब झाले की सगळे घर खडबडून जागे होते आणि औषधांच्या डब्यात जे सापडेल ते कुत्र्याच्या तोंडात जाते. म्हणजे सांधेदुखीकडे आपण फार उशिरा पाहतो आणि पोटाच्या तक्रारीवर फार घाईने औषध देतो. दोन्हींमागे प्रेमच असते, परंतु या प्रेमाचा परिणाम काय होतो हे एका घरातल्या एका कुत्र्यावरून कळत नाही. त्यासाठी पुष्कळ कुत्र्यांच्या नोंदी लागतात. गेल्या चाळीस वर्षांत जगात काही ठिकाणी हे काम चिकाटीने झाले आहे.

साडेचार लाख कुत्र्यांची नोंदवही

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 'व्हेटकंपास' नावाचा एक उपक्रम चालवला आहे. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या दवाखान्यांत रोजच्या रोज ज्या नोंदी होतात, त्या मालकांची ओळख वगळून एकत्र केल्या जातात. कोणत्या जातीचा, किती वयाचा, किती वजनाचा कुत्रा कोणत्या तक्रारीसाठी आला, त्याला काय औषध दिले, पुढे काय झाले, हे सारे त्यात येते.

या नोंदींवर आधारलेला सांध्यांच्या संधिवाताचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४ लाख ५५ हजार ५५७ कुत्र्यांची माहिती होती. एका वर्षात त्यांपैकी सुमारे २.५ टक्के कुत्र्यांच्या पायांच्या सांध्यांत संधिवाताचे निदान झाले होते. आकडा लहान वाटतो. पण हे निदान झालेले रुग्ण आहेत. ज्यांना दवाखान्यात नेलेच नाही ते यात नाहीत. याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. संधिवात झालेल्या कुत्र्याच्या आयुष्याचा सरासरी ११.४ टक्के काळ या दुखण्यासोबत जातो. बारा वर्षे जगणाऱ्या कुत्र्याच्या हिशेबात हे जवळजवळ सोळा महिने झाले.

हा काळ कमी करता येईल का? संधिवातात हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, सांध्याला सूज येते, कडेने हाड वाढते. एकदा झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. पण झीज कधी सुरू व्हावी आणि किती वेगाने वाढावी, हे बऱ्याच अंशी घरच्यांच्या हातात असते.

अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर, चोवीस जोड्या

१९८७ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात प्युरिना या कुत्र्यांचे खाद्य बनवणाऱ्या कंपनीच्या केंद्रात एक प्रयोग सुरू झाला. सात वेतांतली ४८ लॅब्रॅडॉर पिल्ले निवडण्यात आली. सख्ख्या भावंडांच्या चोवीस जोड्या लावल्या. खाद्य सर्वांना एकच. फरक इतकाच, की जोडीतले एक पिल्लू जेवढे खाई त्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे दुसऱ्याला मिळे. आठ आठवड्यांचे वय असल्यापासून मरेपर्यंत हा नेम पाळला गेला. प्रयोग चौदा वर्षे चालला.

पहिल्या गटातले कुत्रे अवाढव्य वाढले होते असे मुळीच नाही. ते फार लठ्ठ होऊ नयेत म्हणून त्यांच्याही खाण्याला सव्वातीन वर्षांच्या वयानंतर मर्यादा घातली होती. आपल्या आजूबाजूला दिसणाऱ्या, जरा भरलेल्या अंगाच्या लॅब्रॅडॉरसारखेच ते होते. घरी आलेला पाहुणा ज्याला "काय छान खाऊनपिऊन आहे!" म्हणतो, तसे.

कुत्रे पाच वर्षांचे असताना त्यांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले. भरपेट जेवणाऱ्यांपैकी ५२ टक्के कुत्र्यांच्या खुब्यात संधिवाताच्या खुणा होत्या. त्यांच्या कमी जेवणाऱ्या भावंडांत हे प्रमाण १३ टक्के होते. संधिवातावर कायमचे औषध सुरू करावे लागलेल्या कुत्र्यांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. भरपेट गटातल्या निम्म्या कुत्र्यांवर ही वेळ १०.३ वर्षांच्या वयापर्यंत आली. दुसऱ्या गटात ती १३.३ वर्षांपर्यंत लांबली. तीन वर्षांचा फरक!

आणि आयुष्य? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भरपेट गटाचे मध्यम आयुर्मान ११.२ वर्षे, तर कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे भरले. कोणतेही महागडे औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. रक्त तेच, खाद्य तेच, फक्त भांड्यात पाव हिस्सा कमी. कुत्र्यांचे खाद्य विकणाऱ्या कंपनीच्याच पैशाने 'कमी खायला घाला' असे सिद्ध व्हावे, यामुळे या निष्कर्षावरचा विश्वास वाढतो. अर्थात हे कुत्रे थोडे आणि एकाच जातीचे होते, हे विसरता कामा नये. पण सख्ख्या भावंडांत इतका फरक पडला, तो योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

मग ज्याचा सांधा आधीच दुखतो आहे, त्याला उशीर झाला का? तसेही नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १४ लठ्ठ आणि संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांचे वजन सोळा आठवडे हळूहळू उतरवले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मूळ वजनाच्या सहा टक्क्यांच्या आसपास घट होताच लंगडणे स्पष्ट कमी झाल्याचे दिसले. ३५ किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत हे फक्त दोन किलो होतात.

पिल्लाला टॉनिक कशाला?

मोठ्या जातीचे पिल्लू घरी आले की हौसेने कॅल्शियमची बाटली आणली जाते. हाडे मजबूत व्हावीत ही त्यामागची भावना. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात हरमन हेझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समज तपासून पाहिला. ग्रेट डेन जातीच्या वाढत्या पिल्लांना गरजेहून जास्त कॅल्शियम दिले, तेव्हा त्यांच्या हाडांची वाढ बिघडली. १९८५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

कारण असे, की लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेले कॅल्शियम नीट अडवता येत नाही; ते शरीरात शिरते आणि हाडांच्या घडणीत ढवळाढवळ करते. ग्रेट डेन, लॅब्रॅडॉर, अल्सेशियन, रॉटवायलर अशा जातींची पिल्ले आधीच झपाट्याने वाढतात. त्यांना मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचा संतुलित आहार मिळत असेल, तर वरून कॅल्शियम देण्याची गरज नसते. आहार घरचाच असेल, तर किती द्यायचे ते पशुवैद्याने ठरवावे. बाटलीवरच्या चित्राने नव्हे.

स्टुलावरचे भांडे

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोटाचा एक भयंकर आजार आढळतो. जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती पीळ खाते. आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची, दोन्ही वाटा बंद होतात. रक्तपुरवठा तुटतो. संध्याकाळी जेवलेला धडधाकट कुत्रा वेळेवर उपचार न मिळाल्यास सकाळ पाहत नाही.

हा आजार टाळण्यासाठी एके काळी एक सल्ला सर्रास दिला जाई : जेवणाचे भांडे जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, म्हणजे कुत्रा कमी हवा गिळेल. सल्ला पटण्यासारखा होता, पण तो कोणी मोजून पाहिला नव्हता. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात लॉरेन्स ग्लिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजला. मोठ्या आणि अतिमोठ्या अकरा जातींचे १,६३७ निरोगी कुत्रे त्यांनी नोंदवून घेतले, त्यांच्या सवयी लिहून ठेवल्या आणि पुढे कोणाला हा आजार होतो यावर लक्ष ठेवले.

२००० साली निष्कर्ष आले आणि अनेकांना धक्का बसला. भांडे उंचावर ठेवलेल्या कुत्र्यांमध्ये धोका कमी नव्हे, जास्त आढळला. याखेरीज वाढते वय, भराभर खाण्याची सवय, आणि आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा आजार झालेला असणे, ही कारणेही पुढे आली. त्याच गटाच्या १९९७ मधल्या अभ्यासात दिवसातून एकदाच जेवणाऱ्या आणि भित्र्या स्वभावाच्या कुत्र्यांना धोका अधिक, तर आनंदी स्वभावाच्या कुत्र्यांना कमी असल्याचे दिसले होते.

उंच भांड्याबाबत पुढच्या सर्व अभ्यासांत एकमत झालेले नाही. तरीही एवढे निश्चित, की हा सल्ला मानण्यासारखा पुरावा कोणाच्याच हाती नव्हता. मोठ्या कुत्र्याचे जेवण दोन-तीन वेळांत विभागावे, त्याला हावरटासारखे गिळू देऊ नये, एवढे तर कोणालाही जमेल.

या आजाराची लक्षणे मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ असावीत. कुत्रा ओकण्याची धडपड करतो पण काहीच बाहेर पडत नाही, पोट नगाऱ्यासारखे ताणते, लाळ गळते, तो एका जागी बसू शकत नाही. असे दिसले तर सोडा, ओवा किंवा हिंग देत बसू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा. इथे एकेक तास मोलाचा असतो.

साधे जुलाब आणि जालीम औषध

सुदैवाने पोटाच्या बहुतेक तक्रारी इतक्या गंभीर नसतात. कचऱ्यातले काहीतरी खाल्ले, अचानक आहार बदलला, सणाचे तळण पोटात गेले की जुलाब होतात. अशा वेळी अँटिबायोटिक देण्याची पद्धत अनेक देशांत आहे.

व्हेटकंपासच्याच नोंदी वापरून २०२३ मध्ये या पद्धतीची परीक्षा घेण्यात आली. अचानक जुलाब सुरू झालेल्या सुमारे नऊशे कुत्र्यांची माहिती तपासली. काहींना अँटिबायोटिक दिले होते, काहींना नव्हते. वय, लक्षणांची तीव्रता वगैरे बाबी जुळवून पाहिल्यावर दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ८८ टक्के कुत्रे बरे झाल्याचे आढळले. जे औषधाने बरे झाले असे मालकांना वाटत होते, ते बहुतांशी आपोआप बरे होत होते.

याचा अर्थ सगळेच जुलाब दुर्लक्ष करण्यासारखे असतात असा मात्र नाही. पिल्लाला रक्ताचे, दुर्गंधीयुक्त जुलाब आणि ओकाऱ्या होत असतील तर तो पार्व्हो असू शकतो. १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू दोन वर्षांत जगभर पसरला आणि त्याने असंख्य पिल्लांचा बळी घेतला. त्याच्यावर लस आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ठरावीक अंतराने, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पिल्लाला ती टोचून घ्यावी लागते. यात आळस नको.

घरातली गोळी

सांधेदुखी आणि पोटाचा विकार यांची गाठ सर्वात क्रूरपणे पडते ती औषधांच्या डब्यात. कुत्रा लंगडतो हे पाहून आजोबांच्या गुडघ्यासाठी आणलेली गोळी पेढ्यात किंवा पोळीत गुंडाळून त्याला दिली जाते. आजोबांना जे चालते ते कुत्र्याला का चालू नये, असा साधा विचार त्यामागे असतो.

पण कुत्र्याचे शरीर ही औषधे माणसाप्रमाणे हाताळत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही वेदनाशामके शरीरातली काही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. ती द्रव्ये जशी सूज आणि वेदना निर्माण करतात, तशीच जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात. ते रक्षण गेले की आम्ल अस्तरावर चढते, व्रण पडतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडेही बिघडतात. पॅरासिटामॉलचा डोस जास्त झाला तर यकृताला इजा होते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते.

कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामके मिळतात आणि ती गुणकारीही आहेत. कारप्रोफेन हे त्यांपैकी एक, अमेरिकेत १९९७ पासून वापरात आले. मात्र तीही पशुवैद्याच्या सल्ल्याने, वजनानुसार, शक्यतो रक्त तपासूनच द्यायची असतात. स्टेरॉइड चालू असताना तर ती देऊच नयेत. औषध चालू असताना कुत्र्याने खाणे सोडले, ओकाऱ्या झाल्या किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवावे.

बरे कोणाला वाटते?

"आम्ही अमुक पावडर सुरू केली आणि आठ दिवसांत फरक पडला!" असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. तरी त्यांच्या सांगण्यावर किती भिस्त ठेवावी, हे २०१२ मध्ये मायकेल कॉन्झेमियस आणि रिचर्ड इव्हान्स या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले. एका औषधाच्या चाचणीत ५८ संधिवाती कुत्र्यांना औषधाऐवजी निव्वळ नावाची गोळी दिली होती. त्यांचा पाय जमिनीवर किती जोराने टेकतो हे यंत्रावर मोजले जात होते. यंत्राने सुधारणा दाखवली नाही, तरीही सुमारे ४० टक्के वेळा मालकांना कुत्रा सुधारला असे वाटले. पशुवैद्यांचा अंदाजही त्याहून फारसा सरस नव्हता.

याचे एक कारण आशा, आणि दुसरे या दुखण्याचा स्वभाव. सांधेदुखी कधी वाढते, कधी ओसरते. नवे औषध आपण दुखणे अगदी वाढले की सुरू करतो. त्यानंतर ते ओसरणारच असते, आणि श्रेय मात्र पावडरीला मिळते. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनबाबतच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये घेतला गेला, तेव्हा त्यांचा उपयोग दिसून आला नाही. माशांच्या तेलात असणाऱ्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा फायदा मात्र आढळला.

घरी काय करता येईल?

• कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. आपल्या पसरलेल्या पंजाच्या पाठीवरून बोट फिरवताना हाडे जशी लागतात, तशा बरगड्या हाताला लागायला हव्यात. तळहातासारखे मऊ लागले तर वजन जास्त आहे. वरून पाहताना कमर दिसायला हवी.

• दिवसाचे खाणे वाटीने मोजून द्या. येता-जाता दिलेली बिस्किटे, पोळीचे तुकडे, दूध हेही त्याच हिशेबात धरा. घरात कोण काय देते ते एकानेच पाहावे. वजन उतरवायचे असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा. उपाशी ठेवू नका.

• बेदाणे, द्राक्षे, चॉकलेट, कांदा कुत्र्याला देऊ नका. बेदाण्यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शिऱ्यातले आणि लाडवातले बेदाणेही त्यात आले. तळलेले, तुपकट पदार्थ स्वादुपिंडाला सूज आणू शकतात.

• सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला रविवारी एकदम लांब पळवण्यापेक्षा रोज थोडे थोडे चालवा. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा रबरी चटई अंथरा. झोपायला जाड, मऊ अंथरूण द्या.

• एक छोटी वही ठेवा. महिन्यातून एकदा वजन लिहा. उठायला किती वेळ लागतो, जिना न थांबता चढतो का, फिरून आल्यावर लंगडतो का, हे तारखेसह टिपा. शक्य असल्यास चालण्याचे चित्रण करा.

ही वही दवाखान्यात फार उपयोगी पडते. अनोळखी जागी घाबरलेला कुत्रा पुष्कळदा लंगडायचेच विसरतो, आणि मालकाला आठवत असते ते फक्त कालचे. तारीखवार लिहिलेल्या नोंदी असल्या की औषधाने खरोखर फरक पडला की तसे नुसते वाटले, हे डॉक्टरांना ताडून पाहता येते. मोठमोठ्या संस्थांनी लाखो कुत्र्यांसाठी जे केले, तेच घरच्या घरी एका कुत्र्यासाठी करायचे.

ताटात हात आवरता घेणे सोपे नसते. जेवणाच्या वेळी गुडघ्याला नाक लावून बसलेल्या कुत्र्याला नाही म्हणणे कोणाच्याच जिवावर येते. पण त्या लॅब्रॅडॉर भावंडांनी दाखवलेला फरक लक्षात घेतला, तर त्या 'नाही'ची किंमत कळते. मुळात बारा-तेरा वर्षांचे आयुष्य. त्यात पावणेदोन वर्षांची भर, आणि न दुखता चालण्याची तीन वर्षे अधिक. यासाठी बाजारातून काहीही आणावे लागत नाही.